थोड्या शक्तीचा लांब पल्ला

नभोवाणीविषयी पुष्कळांची अशी समजूत असते की, ज्याची शक्ती मोठी त्याचाच आवाज दूर पोहोचतो. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि अपुऱ्या समजुतीवर उभारलेली हौस विद्यार्थ्यास आडमार्गाला नेते, असे आम्हांस वाटते.

उदाहरणार्थ अमेरिकेतील गोष्ट घेऊ. तेथे 1938 पासून अल्पशक्तीचे प्रक्षेपक परवान्यावाचून चालविण्याची मुभा आहे. आजच्या नियमांप्रमाणे 510 ते 1705 किलोहर्ट्झ या मध्यम लहरींच्या पट्ट्यात यंत्राच्या अंतिम टप्प्यास 100 मिलिवॅटांहून अधिक शक्ती देता येत नाही. आणि एरियल, त्याकडे जाणारी तार व जमिनीत जाणारी तार यांची लांबी मिळून 3 मीटरांपुढे जाता कामा नये. 100 मिलिवॅट म्हणजे एका वॅटचा अवघा दहावा हिस्सा! तरीही याच नियमात बसणाऱ्या दोन यंत्रांपैकी एकाचा आवाज अंगणापलीकडे जात नाही, तर दुसऱ्याचा अनुकूल स्थितीत एक-दीड किलोमीटरपर्यंत ऐकू येतो. असे का व्हावे?

पहिले कारण एरियल. 1000 किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी 300 मीटर असते. तिला साजेसा उभा एरियल तिच्या चतुर्थांशाइतका, म्हणजे 75 मीटर उंच हवा. तेथे 3 मीटरांची काठी ती काय! शक्तीला लहरींचे रूप देणारा तिचा रोध हिशेबाने सुमारे 0.04 ओहम येतो. उलट वेटोळे आणि जमीन यांत शक्ती वाया घालविणारा रोध 20 ओहमही असू शकतो. शक्तीची वाटणी रोधांच्या प्रमाणात होत असल्यामुळे 100 मिलिवॅटांपैकी जेमतेम 0.2 मिलिवॅट बाहेर पडतो. बाकीच्याची उष्णता होते. तेच यंत्र 1700 किलोहर्ट्झवर नेले, तर तीच काठी जवळजवळ तिप्पट शक्ती बाहेर टाकते.

दुसरे कारण जमीन. ओलसर जमिनीतून वीज सुखाने वाहते, कोरड्या खडकाळ जमिनीत अडखळते. समुद्राचे खारे पाणी तर अशा खडकाळ जमिनीपेक्षा हजारो पटींनी सुवाहक असते. तिसरे कारण ऐकणाऱ्याच्या घरी असते. स्वस्त दिवे, चार्जर आणि पंख्यांचे नियंत्रक जो खरखराट करतात, त्यात दुबळा आवाज बुडून जातो. शिवाय रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतणाऱ्या दूरच्या केंद्रांच्या लहरी येऊन गर्दी करतात, आणि दिवसाचा पल्ला आखडतो.

आता हिशेब पाहा. पल्ला दुप्पट करण्यास शक्ती चौपट करावी लागते. परंतु वाया घालविणारा रोध 20 ओहमांवरून 5 वर आणला, किंवा ऐकणाऱ्याकडील खरखर निम्मी झाली, तरी जवळजवळ तेवढाच लाभ होतो.

कोणी म्हणेल, "इतकी कसरत करण्यापेक्षा नियमच सैल का करू नये?" हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही, लहान गावाला स्वतःचा आवाज हवा, ही इच्छा योग्यच आहे. परंतु लहरींचा पट्टा सर्वांचा आहे. प्रत्येकाने शक्ती वाढविली, तर खरखरच वाढेल आणि कोणाचेच कोणाला ऐकू येणार नाही. म्हणूनच त्या नियमांत अशी अट आहे की, बिनपरवाना यंत्राने इतरांस उपद्रव देऊ नये आणि इतरांकडून होणारा उपद्रव मात्र सोसावा. काही हौशी लोक यंत्र इमारतीच्या माथ्यावर बसवून जमिनीची लांबलचक तार खाली सोडतात. मग ती तारच एरियल बनते, आणि मालक आपल्या कौशल्याची फुशारकी मारतो! असा पल्ला कमावलेला नव्हे, चोरलेला होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतील ही सवलत आपल्या देशात लागू नाही. तेव्हा हा लेख वाचून कोणी मध्यम लहरींवर प्रक्षेपक चालवू नये. आपल्याकडे 2005 मध्ये 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक मर्यादेत परवानामुक्त झाला. घरोघरचे वायफाय त्याच पट्ट्याचा उपयोग करते, आणि तेथेही भिंती, शेजाऱ्यांची यंत्रे व एरियलची जागा हीच पल्ला ठरवितात.

ज्यांना प्रयोगाची हौस आहे त्यांनी एक साधा ट्रान्झिस्टर घ्यावा, मध्यम लहरींवरील एखादे दूरचे केंद्र लावावे आणि तो घरभर फिरवावा. कोणत्या दिव्याजवळ खरखर वाढते, रेडिओ कोणत्या दिशेस वळविला असता आवाज स्पष्ट होतो, रात्री काय बदलते, याची वही ठेवावी. त्यास परवाना लागत नाही, आणि पैसाही फारसा लागत नाही. अशी वही भरलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पुढे परवाना आला, तर तो थोड्या शक्तीतही पुष्कळ साधील, अशी आमची खात्री आहे.