वाघाचे घर आणि माणसाची सहल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दाना ओली ही मराठी माणसाच्या ओळखीची वस्ती. दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून हे लष्कर उभे राहिले आणि मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. तेथून सव्वाशे किलोमीटरांच्या आत शिवपुरी आहे. ती शिंद्यांची उन्हाळी राजधानी. त्यांच्या छत्र्या तेथे आहेत, सख्यासागर तलाव आहे आणि त्याला लागूनच माधव राष्ट्रीय उद्यान आहे. ग्वाल्हेरकरांसाठी ही डबा बांधून जाण्याची जागा. मार्च २०२५ मध्ये हेच उद्यान देशातील ५८वा व्याघ्र प्रकल्प ठरले. जिथे कालपर्यंत सहज जाता येत होते, त्या रानाच्या दाराशी आता नियमांची पाटी अधिक ठळक झाली आहे. गोव्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही.

माधव उद्यानाचा इतिहास बोलका आहे. हे रान संस्थानी काळात राखीव शिकारीचे होते. राजे आणि त्यांचे इंग्रज पाहुणे यांची करमणूक म्हणजे वाघाची शिकार. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, ते राष्ट्रीय उद्यान झाले. पण पुढे कैक वर्षे त्या रानात वाघाची वस्तीच उरली नव्हती. १० मार्च २०२३ रोजी बाहेरून आणलेले वाघ तेथे सोडण्यात आले. बरोबर दोन वर्षांनी शिवपुरी शहर आणि जंगल यांच्यामधील १३ किलोमीटर लांबीच्या दगडी भिंतीचे लोकार्पण झाले. प्रकल्पाचे गाभा क्षेत्र सुमारे ३७५ चौरस किलोमीटर आणि बफर क्षेत्र १२७६ चौरस किलोमीटर आहे. मूठभरांच्या हौसेने जे गमावले, ते भरून काढण्यासाठी आता सर्वसामान्यांच्या सहलीवर मर्यादा येत आहेत. मर्यादा आवश्यक आहेत, यात वाद नाही. मात्र त्यांचा भार कोणावर किती पडतो, हे पाहणे भाग आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याबाबत स्पष्ट आहे. कलम २७ नुसार अभयारण्यात मुक्त प्रवेश कोणालाच नाही. तेथील रहिवासी, मालमत्ताधारक, कर्तव्यावरील सरकारी सेवक आणि सार्वजनिक महामार्गावरून जाणारे यांना तेवढी सूट आहे. कलम २८ अन्वये ज्या कारणांसाठी परवाना देता येतो, त्यांत अभ्यास, छायाचित्रण, संशोधन यांच्याबरोबर पर्यटनही आहे. म्हणजे पर्यटन ही परवानगीने मिळणारी सवलत आहे, हक्क नव्हे. २०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवले होते. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाल्यावर ती बंदी उठली. गाभा क्षेत्राचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनासाठी वापरता येईल आणि पर्यटन व्यवसायाकडून स्थानिकांच्या विकासासाठी शुल्क घेता येईल, ही त्यांतील महत्त्वाची सूत्रे.

गोव्यात या चर्चेला वेगळी धार आहे. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे चार वाघ मारले गेले. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई व लगतचे क्षेत्र तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच जुलैत नेत्रावळीतील मैनापी धबधब्यावर दोघांचा बुडून मृत्यू झाला आणि वन खात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली. नंतर निवडक धबधबे खुले झाले. ही बंदी माणसाच्या जिवासाठी होती. व्याघ्र प्रकल्पाचा प्रश्न वन्यजीवांच्या जिवाचा आहे. लोकांच्या मनात मात्र दोन्हींची सरमिसळ झाली आणि ‘प्रकल्प आला की रान बंद’ एवढाच अर्थ उरला. गावकऱ्याचे जमिनीवरील हक्क, भाविकाची देवस्थानाकडे जाण्याची वाट आणि शहरी माणसाची पावसाळी सहल हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे.

नियमांतील खरी विसंगती दुसरीकडे आहे. रानात पायी जाणाऱ्याला मज्जाव असतो, पण पैसे मोजून जीपमधून जाणाऱ्याला दार उघडे असते. वन्य श्वापदांच्या वस्तीत पायी भटकणे धोक्याचे, हे मान्य. परंतु परवडणारी सार्वजनिक वाहनव्यवस्था नसेल, तर सुरक्षेचा नियम सामान्य कुटुंबासाठी व्यवहारात बंदीच ठरतो. शिवपुरीत आणखी एक गोष्ट दिसते. सख्यासागराला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तरीही शहराचे सांडपाणी आणि जलपर्णी ही त्याची जुनी दुखणी आहेत. काठावर कागदी बशी टाकणाऱ्याला दंड करणे सोपे. शहराचा नाला वळवायला मात्र पालिका, पैसा आणि इच्छाशक्ती लागते. नियम फक्त पाहुण्याला लागू झाले आणि यजमान शहर मोकळे राहिले, तर रान वाचत नाही.

म्हणून गोव्याने व्याघ्र प्रकल्प होवो वा न होवो, काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. कोणती जागा कोणत्या काळात व का बंद, याचे कारण मराठी व कोंकणीत जाहीर व्हावे. काठावरचे तलाव, देवळे, धबधबे आणि आतला गाभा यांना वेगवेगळे नियम असावेत. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपगाड्यांसारखी व्यवस्था स्थानिकांच्या हाती राहावी, पण फेऱ्यांची संख्या रानाच्या सोसण्यावरून ठरावी. प्रवेशशुल्काचा हिशेब ग्रामसभेसमोर मांडला जावा.

वाघाला माणसाच्या सहलीची गरज नाही. माणसाला मात्र रान पाहण्याची गरज आहे; जे कधी पाहिलेच नाही, ते वाचवण्यासाठी कोणी उभा राहत नाही. दार किती उघडायचे हे तज्ज्ञांनी ठरवावे. ते फक्त खिसा जड असलेल्यांसाठीच उघडू नये, एवढी काळजी सरकारने घ्यावी.