प्रत्येक कॅडेटला एक भाजी आलीच पाहिजे

शाळेत आपण रांगेत उभे राहतो, ताट पुढे करतो आणि जेवण मिळते. त्यामागे किती काम असते, याचा विचार मी चार वर्षांत कधी केला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत जबलपूरला घरी गेलो, तेव्हा तो करावा लागला.

बाबा ड्यूटीवर बाहेरगावी होते आणि आईला ताप होता. संध्याकाळी धाकट्या बहिणीने विचारले, "दादा, जेवायला काय आहे?" मला बूट चमकवता येतात, बिछाना नीट लावता येतो, पण गॅससमोर मी नुसताच उभा राहिलो. शेवटी आईच उठली आणि अंगात ताप असताना तिने खिचडी टाकली. ती खिचडी मला गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बटाट्याची भाजी करायला घेतली. शाळेच्या सवयीने मी ठेल्यावर 'बटाटे' मागितले, तेव्हा भाजीवाला हसला. तिकडे 'आलू' म्हणतात. 'बटाटा' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, हे आईने पलंगावरूनच सांगितले.

पहिली भाजी बिघडली. तेल तापायच्या आत मी मोहरी आणि हळद एकदमच टाकली. मोहरी तडतडेपर्यंत हळद करपली. उकडलेले बटाटे गरम असतानाच चिरले, त्यांचा लगदा झाला. दुसऱ्या वेळी बटाटे गार होऊ दिले. तेल तापल्यावर मोहरी टाकली, ती तडतडल्यावर हिंग, हिरवी मिरची, कढीपत्ता, शेवटी हळद आणि लगेच फोडी. मग मीठ, चिमूटभर साखर आणि एक वाफ. वरून कोथिंबीर, लिंबू. ड्रिलमध्ये हुकुमाआधी पाय उचलला की सगळी रांग बिघडते, फोडणीचेही तसेच आहे.

माझे काही मित्र म्हणतात, "फौजेत लंगर असतो, आपल्याला स्वयंपाक कशाला?" काही जण याला बायकांचे काम म्हणतात. पण लंगरमध्ये रांधणारेही वर्दीतले जवानच असतात. शिवाय आपण सगळेच फौजेत जाणार नाही, आणि घरी लंगर नसतो.

स्वावलंबन हा शब्द आपण भाषणांत नेहमी वापरतो. ज्याला आजारी आईला दोन घास करून घालता येत नाहीत, तो स्वावलंबी कसा? म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की सुट्टीच्या अभ्यासात एक पदार्थ शिकून येणेही द्यावे. पालकांनाही सांगावेसे वाटते, की आम्ही थोड्या दिवसांसाठी घरी येतो म्हणून तुम्ही आम्हाला काही करू देत नाही. एखादी फोडणी आम्हाला जाळू द्या.

त्या दिवशी आई पोटभर जेवली. पोळ्या मात्र शेजारच्या काकूंनी दिल्या होत्या. त्या मी उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकणार आहे.