रंगांकडे पाठ फिरविणारे चित्रपती

एखादी वाट यशाची ठरली की कलावंत पुनःपुन्हा त्याच वाटेने जाऊ लागतो आणि प्रेक्षकही त्याला दुसरीकडे वळू देत नाहीत. एका चित्रपटाने गल्ला जमविला की त्याचा दुसरा, तिसरा भाग काढण्याचा जो सोस आज चित्रपटसृष्टीला जडला आहे, तो याच मनोवृत्तीतून. अशा वेळी चित्रपती व्ही. शांताराम यांनी १९५७ साली केलेल्या धाडसाची आठवण होणे स्वाभाविक आहे.

त्याच्या दोनच वर्षे आधी, १९५५ साली, त्यांचा ‘झनक झनक पायल बाजे’ पडद्यावर आला होता. टेक्निकलरचे झगझगीत रंग, गोपीकृष्ण यांचे नृत्य, वसंत देसाई यांचे संगीत, डोळे दिपविणारे नेपथ्य! प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. पंचावन्न वर्षांच्या, ‘राजकमल’चा डोलारा सांभाळणाऱ्या निर्मात्याने यानंतर काय करावे? आणखी एक रंगीत नृत्यपट, हेच व्यवहाराचे उत्तर. शांतारामबापूंनी मात्र दिग्दर्शक म्हणून पुढचा चित्रपट काढला तो कृष्णधवल. उजाड माळरान, सहा खुनी कैदी आणि त्यांना माणसात आणू पाहणारा एक तुरुंगाधिकारी. ती भूमिकाही त्यांनी स्वतःच केली.

‘दो आँखें बारह हाथ’ची कथा ग. दि. माडगूळकरांची आणि तिला आधार होता प्रत्यक्ष घडलेल्या प्रयोगाचा. स्वातंत्र्यापूर्वी औंध संस्थानात, राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना तेथे बंद कोठडीऐवजी शेतीच्या कामावर, मोकळ्या जागेत ठेवण्यात आले. माडगूळकर त्याच माणदेशी मुलखातले. विश्वास टाकला तर खुनीही माणसात येतो, हा विचार एका लहानशा संस्थानाने करून पाहिला. मराठी माणसाला त्याचा जितका अभिमान असावयास हवा, तितका तो दिसत नाही.

अशा विषयाला रंग सोसले नसते. या चित्रपटात तुरुंगाची भिंत नाहीच. आदिनाथ या अधिकाऱ्याचे दोन डोळे हीच भिंत. कैदी पळून जाऊ पाहतात आणि ते डोळेच त्यांना माघारी आणतात. प्रकाश-छायेच्या कठोर खेळात त्या डोळ्यांना जे सामर्थ्य येते, ते शृंगारलेल्या चौकटीत हरवून गेले असते. रास्त भावाने भाजी विकतात म्हणून बाजारात कैद्यांना मार खावा लागतो, तो प्रसंग तर विसरता येत नाही. एकेकाळी खून केलेले ते हात दिलेल्या शब्दाखातर उठत नाहीत.

खरे तर हे वळण म्हणजे एका अर्थाने घरी परतणेच होते. पार्श्वसंगीताचा आधार न घेता ‘कुंकू’ (१९३७) उभा करणारा, ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) देणारा ‘प्रभात’चा दिग्दर्शक रंगांच्या झगमगाटात हरवला नव्हता. अर्थात जुनी सवय पुरती सुटली होती असेही नाही. संध्याबाईंची खेळणी विकणारी चंपा आणि तिची गाणी या कठोर कथेला किती आवश्यक होती, हा प्रश्न आजही पडतो.

चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वलही मिळाले. त्याहून महत्त्वाचे हे की, कालपर्यंत ‘झनक झनक’ला गर्दी करणारी घरेच्या घरे या रंगहीन माळरानावरची कथा पाहावयास आली. ‘लोकांना हेच हवे असते’ असे सांगून तोच तो माल खपविणाऱ्या आजच्या निर्मात्यांनी या गर्दीचा विचार अवश्य करावा.

या चित्रपटातील बैलाशी झुंजीच्या चित्रणात शांतारामबापूंच्या डोळ्यांना इजा झाली आणि काही काळ पट्टी बांधून राहावे लागले. त्या अंधारात त्यांना रंग दिसू लागले आणि त्यातून ‘नवरंग’ (१९५९) जन्माला आला. ते पुन्हा रंगांकडे वळले, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. या वेळी विषयच रंगांचा होता.