हिरवा दोरा



गेल्या अंकात सिलिंडरबद्दल लिहिलं, तेव्हाच ठरवलं होतं की पुढची पाळी क्रँकशाफ्टची. इंजिन तेच, आमच्या १९७८ सालच्या शेवरले पिकअपचं, ३५० घन इंचाचं. थोरले चिरंजीव ऑगस्टमध्ये ही गाडी घेऊन कॉलेजला जाणार, चारशे मैल, एकटे. सौ.ला ते मुळीच मान्य नाही. तेव्हा हे काम आता नुसत्या हौसेचं राहिलेलं नाही.

क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलासाठी फट लागते. जर्नलच्या दर इंच व्यासाला साधारण एक थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हा जुना ठोकताळा. आमचे मेन जर्नल सुमारे २.४५ इंचांचे, म्हणजे दोन-अडीच थाउ हवेत. फट कमी पडली तर तेलाचा पापुद्रा टिकत नाही, बेअरिंग तापून जाम होतं. जास्त झाली तर तेल बाजूने निसटतं, दाब उतरतो आणि खालून ठकठक सुरू!

ही फट मोजायला प्लास्टिगेज मिळतो. शेवयीसारखा बारीक प्लास्टिकचा दोरा; हिरवा १ ते ३ थाउंसाठी. इंजिन स्टँडवर उलटं करायचं, म्हणजे क्रँकचं वजन ब्लॉकमधल्या शेलवर बसतं आणि सगळी फट कॅपच्या बाजूला येते. जर्नल आणि शेल अगदी कोरडे पुसायचे, कारण हा दोरा तेलात विरघळतो. तुकडा जर्नलवर लांबीच्या दिशेने ठेवायचा, कॅप तिच्याच जागी, त्याच तोंडाने बसवायची आणि टॉर्क रेंचने ७० फूट-पौंडांवर आवळायची. मग कॅप काढून चपटा झालेला दोरा पाकिटावरच्या मापाशी ताडून बघायचा. जितका रुंद, तितकी फट कमी. या सगळ्यात क्रँक तसूभरही फिरवायचा नाही. चिरंजीवांनी पहिल्याच कॅपला फिरवला, दोरा फासला गेला, पुन्हा पहिल्यापासून. मी रागावलो नाही. एमएस करताना पैसे वाचवायला पहिली गाडी उघडली, तेव्हा मीही हेच केलं होतं.

चार कॅप दोनच्या वर, उत्तम. मधली मात्र जेमतेम एक, आणि दोरा एकाच जागी फुगलेला. मी म्हटलं, "मशीन शॉपने जर्नल नीट घासला नाही, उद्या त्यांच्याकडे जातो." तर हा म्हणतो, "बाबा, आधी शेल काढून बघू या ना?"

शेलच्या पाठीमागे धातूचा कीस! मोहरीपेक्षाही लहान. ब्लॉक मीच धुतला होता, त्यामुळे पुढे काही बोललो नाही. शेलला पाठीवर खळगा पडला होता, म्हणून नवा सेट आणला. जर्नल दहा थाउ घासलेले, तेव्हा तेवढ्याच अंडरसाइजचा. पुन्हा दोरा ठेवला, दोनच्या जरा वर आला.

सौ. चहा घेऊन आली, तेव्हा चिरंजीवांनी तिला तो चपटा दोरा दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला आणि विचारलं, "हे झालं. ब्रेक कोणी बघितले?"

कनेक्टिंग रॉडच्या आठ कॅप रविवारी. ब्रेक त्यानंतर लगेच.