कर्णाची मिशी आणि राहींचं टेबल

बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’ मालिकेचा सगळ्यात जास्त वेळा सांगितला गेलेला किस्सा मिशीचा आहे. पंकज धीर यांची निवड आधी अर्जुनासाठी झाली होती. अज्ञातवासात अर्जुनाला बृहन्नडा व्हायचं असतं, तेव्हा मिशी काढावी लागेल, असं चोप्रांनी सांगितलं. धीर तयार होईनात, तशी चोप्रांनी त्यांना वाटेला लावलं. काही महिन्यांनी पुन्हा बोलावणं आलं ते कर्णासाठी, आणि कर्णाच्या मिशीला कुणाची हरकत नव्हती. धीर यांनी हे स्वतःच अनेक मुलाखतींत सांगितलं होतं. याच जातीचे किस्से आणखीही आहेत. द्रौपदी म्हणून जुही चावलाचं नाव जवळपास ठरलं होतं, पण ‘कयामत से कयामत तक’ आला आणि ती सिनेमाकडे गेली. अभिमन्यू गोविंदा होणार होता, विदुर म्हणून ज्यांचा विचार चालला होता ते नितीश भारद्वाज कृष्ण झाले. पात्रनिवडीचं काम बघणारे गुफी पेंटल स्वतःच शकुनी होऊन बसले. आणि भीम झालेले प्रवीणकुमार हे तर मूळचे १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांमध्ये थाळीफेकीचं सुवर्णपदक मिळवलेले खेळाडू.

हे सगळं ऐकायला फार छान वाटतं, यात वाद नाही. माझा आक्षेप आहे तो या किश्शांतून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला. तो ठरलेला असतो: बघा, नियतीनेच एकेकाला जागेवर नेऊन बसवलं. पण मिशीचाच किस्सा जरा निरखून पाहा. विराटपर्व पडद्यावर यायला पुष्कळ अवकाश असताना, निवडीच्या टेबलावर बसलेला निर्माता अर्जुनाचा चेहरा बृहन्नडेच्या वेषात कसा दिसेल याचा हिशेब करतो आहे. याला योगायोग म्हणत नाहीत, याला कथा मुठीत असणं म्हणतात. रागाने घालवून दिलेल्या नटाला दुसऱ्या भूमिकेसाठी परत बोलावणं हाही निर्णयच आहे, तोही अहंकार गिळून घेतलेला. दुसरी गोष्ट अशी की ऐन वेळी कुणी येणं आणि कुणी रुसून जाणं आपटलेल्या मालिकांमध्येही होतच असतं. ते किस्से आपल्यापर्यंत येत नाहीत, कारण ते विचारायला कुणी जात नाही. त्यामुळे गाजलेल्या मालिकेच्या पडद्यामागे योगायोग दिसले, तर ती त्या योगायोगांमुळे गाजली असं म्हणता येत नाही.

मग हेच किस्से का उरले? माझ्या मते याचं कारण अगदी साधं आहे. आठवणी त्यांच्याच छापल्या जातात ज्यांना लोक चेहऱ्याने ओळखतात आणि जे हयात असतात. ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ला दूरदर्शनवर सुरू झालं आणि २४ जून १९९० ला, ९४ भागांनंतर संपलं. मालिकेच्या संकल्पनेत ज्यांचा मोठा वाटा होता आणि ज्यांनी तिच्यासाठी गीतं लिहिली, ते पंडित नरेंद्र शर्मा फेब्रुवारी १९८९ मध्ये, म्हणजे मालिका अर्ध्यावरही आलेली नसताना गेले. पटकथा आणि संवाद लिहिणारे डॉ. राही मासूम रझा मार्च १९९२ मध्ये गेले. खासगी वाहिन्यांवर जुन्या कलाकारांना सोफ्यावर बसवून आठवणी काढायची प्रथा पडली, तेव्हा या दोघांपैकी कुणीच उरलं नव्हतं. नटांनी जे पाहिलं ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. नट सेटवर पोहोचतो तेव्हा कागद लिहून झालेला असतो. तो कसा लिहिला गेला, हे त्याने सांगावं तरी कसं?

आणि खरी चकित करणारी हकिगत त्या कागदाचीच आहे. मूळ महाभारत ही गोष्टीतली गोष्ट आहे. नैमिषारण्यात सौती ऋषींना सांगतो, तो जे सांगतो ते वैशंपायनाने जनमेजयाला सांगितलेलं असतं, आणि त्याच्याही पोटात संजय धृतराष्ट्राला युद्ध सांगत असतो. वाचताना हे थर मोठे मजेचे वाटतात. पण रविवारी सकाळी पाऊण तास दाखवायचं आणि पुढच्या रविवारपर्यंत प्रेक्षकाला सोडून द्यायचं, अशा माध्यमात ते टिकणार कसे? याच काळात पीटर ब्रूक आणि त्याचा लेखक जाँ-क्लोद कारिएर हेच कोडं सोडवत होते. १९८५ साली आव्हिन्यों इथे रंगमंचावर आलेल्या त्यांच्या नऊ तासांच्या प्रयोगात व्यास एका मुलाला कथा सांगतो आणि गणपती ती लिहून घेतो. रंगमंचासाठी ही युक्ती उत्तमच, कारण तिथे माणसं समोर बसलेली असतात. राहींनी माणूसच काढून टाकला आणि काळाला बोलतं केलं. तारकांच्या पार्श्वभूमीवर फिरणारं चक्र आणि हरीश भिमानींचा आवाज, एवढाच त्याचा संसार.

या एका निर्णयाने किती अडचणी सुटल्या ते पाहण्यासारखं आहे. वीस वर्षं एका वाक्यात उलटता आली. मागच्या रविवारी काय झालं ते सांगायला कुणा पात्राला उगाच बोलायला लावावं लागलं नाही. भीष्मासारख्या पूजनीय माणसाची चूक दाखवायची, तर ती सांगणारा कौरवही नको आणि पांडवही नको. काळ कुणाच्याच बाजूचा नसल्यामुळे तो भीष्मालाही बोल लावू शकला आणि कृष्णाच्या डावपेचांवरही थांबून विचार करू शकला. आपल्याकडचा कीर्तनकार आख्यान ऐन रंगात आलं असताना झांज थांबवून श्रोत्यांशी दोन शब्द बोलतो आणि पुन्हा कथेत शिरतो, तीच ही रीत. फरक एवढाच की इथे कीर्तनकार दिसत नाही. राहींना हे सुचलं याचंही नवल वाटायला नको. ‘आधा गाँव’ लिहिणारे कादंबरीकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण अलीगढ विद्यापीठात त्यांचा डॉक्टरेटचा विषय होता ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. रात्रीमागून रात्री चालणारी, फाट्यामागून फाटे फुटणारी ती उर्दू दास्तान. न संपणाऱ्या कथेत ऐकणाऱ्याला धरून कसं ठेवायचं, याचा अभ्यास केलेला माणूस हिंदी सिनेमात संवाद लिहीत होता आणि चोप्रांनी त्याला बरोबर हेरलं. राहींनी आधी नकार दिला होता, त्यांचं नाव जाहीर झाल्यावर एका मुसलमानाने महाभारत का लिहावं अशी पत्रं आली, ती चोप्रांनी राहींकडेच धाडली आणि त्यावर गाझीपूरच्या या गंगाकाठच्या माणसाने हट्टाने होकार कळवला, अशी हकिगत सांगितली जाते. ती अनेकदा सलोख्याचा दाखला म्हणून येते, आणि आलीच पाहिजे. पण त्या दाखल्याच्या ओघात राही या कामाला कारागीर म्हणून किती लायक होते, ते सांगायचं राहूनच जातं.

टेबलावरची दुसरी हकिगत पुण्याशी जोडलेली आहे. मालिकेच्या मुख्य आधारांत भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सक आवृत्ती होती. १९१९ ते १९६६ एवढा काळ, १२५९ हस्तलिखितं, सुखठणकरांपासून बेलवलकर आणि प. ल. वैद्यांपर्यंत संपादकांच्या पिढ्या, असं ते काम. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ वाचलेल्या मराठी वाचकाला या आवृत्तीने काय काय बाजूला काढलं याची कल्पना असते. मयसभेत द्रौपदीच्या तोंडी असलेला ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हा टोमणा त्या संहितेत नाही. वस्त्रहरणाच्या प्रसंगातला कृष्णाचा धावाही सभापर्वाचे संपादक एजर्टन यांनी मुख्य संहितेतून काढून तळटीपेत टाकला. (गंमत अशी की पुढे उद्योगपर्वात कृष्ण स्वतः त्या हाकेची आठवण काढतो, आणि ते श्लोक मात्र संहितेत राहिले आहेत. अभ्यासकांचा त्यावरचा वाद अजून संपलेला नाही.) मालिकेत टोमणाही आहे आणि धावाही आहे. म्हणजे विद्वानांनी चाळून ठेवलेलं महाभारत हाताशी असूनही लिहिणाऱ्यांनी या जागी लोकांच्या मनातलं महाभारत निवडलं. मला या निवडींतली एक पटते आणि एक पटत नाही. धावा ठेवला ते बरोबरच, कारण त्याशिवाय तो प्रसंग ऐकलेला माणूस या देशात सापडणं कठीण. टोमण्याने मात्र युद्धाचं खापर थोडंसं का होईना, द्रौपदीच्या जिभेवर फुटतं, आणि ९४ भागांच्या मालिकेने ते घरोघर पक्कं केलं. पटो वा न पटो, हे निर्णय कुणीतरी विचार करून घेतले. कोणी, कशावर वाद घालून घेतले, हे विचारणारी मुलाखत माझ्या वाचनात नाही.

यावर पहिली हरकत येईल ती अशी की कागदाला चेहरा लागतोच. नितीश भारद्वाजांच्या हसण्याशिवाय तो कृष्ण नाही आणि द्रौपदी झालेल्या रूपा गांगुलींशिवाय ती सभा नाही. हे मान्यच आहे. वस्त्रहरणाच्या चित्रणासाठी अडीचशे मीटरची साडी खास करून घेतली होती, आणि प्रसंग देताना रूपा गांगुलींना रडू इतकं अनावर झालं की नंतर त्यांना शांत करायला अर्धा तास लागला, असं त्या सेटवरचे लोक सांगत आले आहेत. तो आवेग लिहून मिळत नाही. पण चेहराच सगळं करत असता, तर १९९७ ची ‘महाभारत कथा’ही तशीच गाजायला हवी होती. निर्मितिसंस्था तीच होती, कृष्णही तोच होता. ती मालिका फारशी कुणाला आठवत नाही. तोवर केबलने घरात डझनभर वाहिन्या आणल्या होत्या, हे कारण मोठं आहे आणि मी ते झाकणार नाही. तरीही उलूपी, बभ्रुवाहन, बर्बरीक अशी मागे राहिलेली उपकथानकं सुटी सुटी मांडली की कथेचा कणा राहत नाही, हे दुसरं कारणही तितकंच खरं वाटतं.

दुसरी हरकत अधिक वजनाची आहे. एकच वाहिनी होती, लोक दुसरं काय बघणार होते? मक्तेदारीचं यश लेखकाच्या खात्यावर कशाला जमा करायचं? यावर एक उदाहरण पुरेसं आहे. त्याच दूरदर्शनवर, १९८८ सालीच श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ सुरू झाली. ५३ भागांच्या त्या मालिकेत महाभारतावरचे भागही होते. वाहिनी एक, वर्ष एक, कथाही एक, आणि दिग्दर्शक तर देशातल्या पहिल्या रांगेतला. तिला मान मिळाला, ज्याला मी कमी लेखत नाही, पण रस्ते ओस पडले ते चोप्रांच्या मालिकेसाठी. मक्तेदारीने प्रेक्षक समोर आणून बसवला असेल. दीड वर्षाहून अधिक काळ तो बसून राहिला याचा जाब मक्तेदारी देऊ शकत नाही. २०२० च्या टाळेबंदीत ही मालिका पुन्हा दाखवली गेली तेव्हा प्रत्येकाच्या हातात फोन होता, तरी ती पाहिली गेली. बाहेर जायला बंदी होती आणि नवी चित्रणं थांबली होती, हेही खरं, म्हणून त्या पुराव्यावर मी फार भार टाकत नाही.

तिसरी हरकत अशी येईल की किस्से करमणुकीसाठी असतात, त्यांना एवढं कशाला धरायचं? धरायचं, कारण किश्शांतून उद्योगाची समजूत तयार होते आणि समजुतीतून पैशांची वाटणी होते. आजच्या मराठी दैनंदिन मालिका पाहा. दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात, ते पडले की नायिकेचा चेहरा बदला, नवी खलनायिका आणा, अशी पळापळ होते. लेखकाला मात्र उद्याच्या चित्रणाचे संवाद आज रात्री पाठवायचे असतात. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि तिघांचीही नावं श्रेयनामावलीत इतक्या घाईने सरकतात की वाचून होत नाहीत. चोप्रांना आठवड्याला एक भाग द्यायचा होता आणि त्या एका भागामागे राही, नरेंद्र शर्मा आणि चिकित्सक आवृत्ती उभी होती. आज आठवड्याला सहा भाग देताना तेवढं शक्य नाही, असं वाहिन्या म्हणतील, आणि ते खरंही असेल. मग सहाच का, हा प्रश्न त्यांना कुणी तरी विचारायला हवा. आणि आठवणींचे कार्यक्रम करणाऱ्यांनी पुढच्या वेळी सोफ्यावर एक जागा वाढवावी. ‘महाभारत’च्या संकलनाच्या टेबलावर, ध्वनिमुद्रणात, राहींच्या कागदांच्या प्रती सेटवर वाटण्याच्या कामावर त्या वेळी विशी-पंचविशीतली मुलं असणार. ती आता साठीच्या आसपास असतील. कोणता प्रसंग लिहिला गेला पण चित्रित झाला नाही आणि कोणता चित्रित होऊनही कापला गेला, हे अजून त्यांना विचारता येईल.