खोबऱ्याच्या वाट्या आणि आईचं विमान

मैत्रिणींनो, जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन 2012 साली झालं, तेव्हा आम्हा मेहरूणकरांना त्याचं कौतुक होतं ते लांबूनच. 2017 च्या डिसेंबरात मुंबईचं विमान सुरू झालं, मध्येच बंदही पडलं. 2024 साली गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशी विमानं निघाली आणि आजवर एस.टी.त खिडकीची जागा धरणाऱ्या बायका विमानात बसू लागल्या. (वेळापत्रक मात्र सारखं बदलतं, आधी बघून घ्यावं.)

माझी आई त्यातलीच एक. धाकटी बहीण हैदराबादला. डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून बजावलेलं, त्यामुळे बाळंतीण माहेरी येण्याऐवजी माहेरच तिच्याकडे निघालं. शाळेच्या परीक्षा असल्यामुळे मला सोबत जाता येईना. म्हटलं, निदान बॅग तरी नीट भरून द्यावी. डिंकाचे लाडू, काळा मसाला, बिबडे, तूप आणि तळाशी किलोभर खोबऱ्याच्या वाट्या. आई विचारत होती, "काय काय भरलंस गं?" मी म्हटलं, "तू नको काळजी करू."

विमानतळावर पोचवणाऱ्यांना दारातच थांबावं लागतं. काचेतून मला दिसत होतं. आईची बॅग यंत्रातून गेली, बाजूला काढली गेली आणि तिला उघडायला सांगितली. चार लोकांसमोर लुगडी, परकर, औषधं बाहेर. आई पदर सावरत काहीतरी समजावत होती आणि मी बाहेर हात चोळत उभी. शेवटी दारावरच्या शिपायाच्या हाती वाट्यांची पिशवी माझ्याकडे आली. तिथल्या मुलीचा काही दोष नव्हता. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, साठून राहिलं तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात ते हातातल्या पिशवीतही नेता येत नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही. लाडवात कालवलेलं कुणी अडवलं नाही. पण रात्री फोनवर आई म्हणाली, "चोरी केल्यासारखं वाटलं गं मला. बॅग माझी, आणि आत काय आहे ते मलाच ठाऊक नाही." हे बोलणं मला फार लागलं.

तेव्हा वडीलधाऱ्यांची बॅग भराल ती त्यांना समोर बसवून भरा. लोणचं, तूप, तिखट, मसाला हे सगळं मोठ्या बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी लावून आणि दोन पिशव्यांत गुंडाळून. विळी, सुरी, कात्री तिथेच. फोन चार्ज करायची पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्याच पिशवीत हवी. मोठी बॅग बहुधा 15 किलो आणि हातातली 7. तिकिटावर वाचून घ्या आणि घरच्या ताणकाट्यावर तोला. जादा किलोचे पैसे ऐकून लाडूही कडू लागतात!

बी.पी.च्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये. ओळखपत्र अस्सल हवं, झेरॉक्स चालत नाही. आपल्याकडच्या बायकांच्या आधार कार्डावर नावापुढे 'बाई' असतं आणि नातू तिकीट काढताना नुसतं नाव घालतो. कार्ड समोर ठेवूनच तिकीट काढायला लावा. काउंटर सुटण्याच्या पाऊण-एक तास आधीच बंद होतं, म्हणून दोन तास आधी पोचलेलं बरं. गुडघे दुखत असतील तर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच सांगून ठेवा, कारण लहान विमानाला जिना चढावा लागतो.

एक गोष्ट आईला आधी सांगायची माझ्याकडून राहिली. तपासणीत बायकांना पडद्याआड नेतात आणि बाईच तपासते. पिना, बांगड्या यांनी यंत्र वाजलं तरी घाबरायचं कारण नसतं. हे माहीत नसलं की बिचारीला वाटतं, आपलंच काही चुकलं. कान दडे बसतात तेव्हा खडीसाखर चघळावी. ही युक्ती मात्र आईला शेजारच्या सीटवरच्या कॉलेजच्या पोराने सांगितली.

दीड महिन्याने आई परत आली. बॅग तिने स्वतः भरली होती, बहिणीला हातसुद्धा लावू दिला नाही. वजन साडेचौदा किलो. आणि इकडे त्या वाट्यांची मी तोवर चार वेळा शेवेची भाजी करून संपवली होती, ते तिला अजून सांगितलेलं नाही.