इंजिनाचाही श्वास कोंडतो

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या दारात आता टर्बोची गाडी उभी असते. दिवाळीच्या सुट्टीत ती घाट चढेल, आणि परतल्यावर एखाद्या घरी फरशीवर तेलाचे डाग दिसतील. ‘तेल गळते, म्हणजे सील गेले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण सील बिचारे पुष्कळदा निर्दोष असते. दुखणे असते ते इंजिनाच्या श्वासाचे.

गोष्ट तशी सोपी आहे. सिलिंडरात पेट्रोलचा भडका उडाला की पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनभोवती रिंगा असतात, पण अगदी नव्या इंजिनातही त्या पुरत्या बंदिस्त नसतात. थोडा वायू कडेने निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरतोच. त्यात पाण्याची वाफ असते, न जळलेले पेट्रोल असते. त्याला वाट दिली नाही तर तेलाचा चिखल होतो, आणि दाब वाढून तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येते. कुकरची शिट्टी दाबून धरल्यासारखेच हे!

जुन्या गाड्यांत यासाठी एक नळी रस्त्याच्या दिशेने उघडी सोडलेली असे. गाडी धावली की वाऱ्याच्या ओढीने वायू बाहेर जाई, तो थेट लोकांच्या नाकात. लॉस एंजेलिसचे आकाश धुरकट का होते, याचा छडा हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने लावला. मोटारी आणि कारखान्यांतून सुटणाऱ्या वायूंवर ऊन पडून ते धुके बनते, हे त्याने दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्नियात १९६१च्या नव्या मोटारींपासून ही नळी बंद झाली आणि पीसीव्ही व्हाल्व्ह आला. इंजिन हवा ओढते तिथेच हा वायू परत न्यायचा आणि जाळून टाकायचा, ही त्यातली युक्ती.

टर्बोच्या गाडीत मात्र एक मेख आहे. आपण जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की टर्बो हवा कोंबतो, आणि जिथे ओढ होती तिथेच उलटा दाब येतो. व्हाल्व्ह मिटतो. मग सारा वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या आधीच्या पाइपात जातो. नेमका त्याच वेळी निसटणारा वायूही सर्वांत जास्त असतो. कंपनीने नळी जेवढी ठेवली, ती कंपनीच्या दाबाला पुरते. आपण दाब वाढवला की ती अपुरी पडते.

आमच्या शेजारच्या मुलाने हौसेने गाडीच्या संगणकाची मांडणी बदलून ताकद वाढवून घेतली. महिन्याभरात क्रँकचे मागचे सील गळू लागले. गिअरबॉक्स उतरवून दोनदा सील बदलले. पैसे वडिलांच्या पेन्शनीतून गेले. तिसऱ्या खेपेला एका गॅरेजात, हवेच्या पाइपात तेल येते म्हणून, ती नळीच बोल्ट घालून बंद केली! घाटात डिपस्टिक उडून वर आली आणि तापलेल्या भागावर तेल पडून धूर निघाला. “काका, आता इंजिन उघडावं लागेल का?” तो विचारीत होता. मी म्हटले, “आधी तो बोल्ट काढ.” चांगल्या मेकॅनिककडून रिंगांची गळती तपासली, ती ठीक निघाली. नळी मोठी केली, वाटेत तेल वेगळे करणारा डबा बसवला. गळती थांबली.

या डब्याला ‘कॅच कॅन’ म्हणतात. आत जाळी वा पडदे असलेला आणि पुन्हा इंजिनाकडेच नळी जाणारा घ्यावा. उघड्यावर धूर सोडणारा डबा घेणे म्हणजे १९६१च्या मागे जाणे. आणि तो वास मागच्या सीटवरच्या मुलांनाही येतो. डबा वेळोवेळी रिकामा करावा, पण ते तेल गटारात ओतू नये. हवेबरोबर तेल सिलिंडरात गेले तर पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकू लागते. जबर ठोक्याने पिस्टनही फुटतो.

तेव्हा डिपस्टिक वर आलेली दिसली, टर्बोच्या तोंडाशी तेल साचले, निळसर धूर आला, तर सीलाच्या खर्चाला हात घालण्यापूर्वी मेकॅनिकला एवढेच विचारा : “क्रँककेसचा दाब मोजला का?” त्याला गेज लावायला फार वेळ लागत नाही. गिअरबॉक्स उतरवायला दिवस जातो.